निखाऱ्यावरचा वाटा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान बोलत आले आहेत. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते रोलिंग मिलच्या दारात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयाच्या टेबलाशी झाले. संयोजकांनी मला बोलावले तेव्हा हा गृहस्थ मजुरीच्या दराविषयी बोलेल, अशीच त्यांची अटकळ असणार. मी विषय कळवला तो निखाऱ्यावर मांस भाजण्याचा. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. जुन्या जालन्यात मांस भाजणारे हात पुष्कळ आहेत, त्यावर बोलणारे तोंड मात्र या मंचावर मला तरी कधी दिसले नाही. जे मांस खात नाहीत त्यांनी हा केवळ इतिहास म्हणून ऐकावा. जे खातात त्यांना शेवटी दोन उपयोगाच्या गोष्टी सांगेन.

हा विषय मला एका रात्री चिकटला. १९९८ साली आमच्या एका सहकाऱ्याचा उजवा हात तापलेल्या सळईने भाजला. बोटे वाकडी झाली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. नुकसानभरपाईची बोलणी करण्यासाठी आम्ही तिघे मुंबईला गेलो. मालकाच्या माणसाने आम्हाला आधी एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. ताटात काय हवे ते त्यानेच सांगितले, आणि वाढप्याने मला विचारले, "साहेब, कितपत भाजून आणू?" मला प्रश्नच कळला नाही. मांस शिजलेले असते किंवा कच्चे असते, एवढेच मला ठाऊक. मी म्हणालो, "पूर्ण." तो हसला, टेबलावरचे इतरही हसले. त्या हसण्याने मी जो लहान झालो, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लहानच राहिलो. आकडा पुढे आला तेव्हा मान वर करून "हे कमी आहे" म्हणायचे बळ उरले नव्हते. आमच्या सहकाऱ्याच्या वतीने मी तो आकडा मान्य करून आलो.

त्या तुकड्याचे नाव होते स्टेक. बैलाच्या पाठीच्या कण्याला आतल्या बाजूने लागून असलेला मऊ भाग. मुंबईचे खाटीक त्याला 'अंडरकट' म्हणतात. त्या काळी महाराष्ट्रात तो कायद्याने विकता येत होता. जालन्याला परतल्यावर मी दोन शोध सुरू केले. एक, त्या आकड्याविषयी कायदा काय म्हणतो. दुसरा, मला ज्या प्रश्नाने गप्प केले तो प्रश्न मुळात काय होता. पहिल्याचे काय झाले ते शेवटी सांगतो. आज दुसऱ्याविषयी.

प्रथम शब्दच पाहू. 'स्टेक' हा इंग्रजीत आलेला शब्द मूळचा उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ काठीवर किंवा शूलावर टोचून भाजलेले मांस. आता आपल्याकडे या. संस्कृतात शूलावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' म्हणतात, आणि अमरकोशात त्याचेच 'भटित्र' असे दुसरे नाव दिले आहे. म्हणजे हॉटेलातल्या ज्या शब्दाने मी बावरलो, त्याचा सख्खा अर्थभाऊ आपल्या कोशात दीड हजार वर्षे बसलेला आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरतो की, या राजाच्या शिकारीपायी अवेळी जेवावे लागते आणि तेही बहुतेक शूलावर भाजलेले मांस. राजाला जी चैन वाटते ती बरोबरच्या माणसाला हाल वाटते, हे त्या नाटककाराने बरोबर टिपले आहे.

त्याच्याही मागे जायचे तर पुणे जिल्ह्यातील इनामगावला जावे. तेथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि तिच्यात कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा असलेली जनावरांची हाडे. दख्खनच्या माणसाला निखाऱ्यावर मांस भाजणे कुणी बाहेरून येऊन शिकवले, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

लिखित पाककृती हवी असेल तर ती आपल्या अगदी शेजारी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आज कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि आपले जालना एकाच हैदराबाद राज्यात होते. या ग्रंथात 'भडित्रक' सांगितले आहे. मांसाच्या तुकड्यांना भोके पाडावीत, त्यांत मसाला भरावा आणि ते शूलावर लावून निखाऱ्यावर भाजावेत. भोके का पाडावीत, हे राजाने लिहिलेले नाही. ते स्वयंपाक्याला ठाऊक होते.

श्रोतेहो, इथे मला इतिहास थोडा बाजूला ठेवून जनावराच्या शरीराविषयी बोलले पाहिजे, कारण सगळा इतिहास त्यावर उभा आहे. मांस म्हणजे स्नायू. जो स्नायू राबतो तो चिवट होतो. पाय, मान, खांदा हे दिवसभर ओझे वाहतात. त्यांत धागे जाड होतात आणि त्यांना बांधून ठेवणारे पांढरे पडदे घट्ट होतात. पाठीच्या कण्याखालचा भाग फारसे काम करीत नाही, म्हणून तो लोण्यासारखा राहतो. बरे, हा मऊ भाग किती? चारपाचशे किलोच्या जनावरात काही किलो. म्हणून तो महाग. राबणाऱ्या भागात चव अधिक असते हे कुठलाही खाटीक सांगेल, पण ती चव मोकळी करायला वेळ लागतो आणि अक्कल लागते. मऊ तुकड्याला नुसता विस्तव पुरतो.

थंड देशातल्या लोकांनी वेळेचा प्रश्न हवेवर सोडवला. जनावर कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरते. मग त्याच्याच अंगचे पाचक रस धागे सैल करू लागतात. युरोपात ते थंडीत आठवडा, दोन आठवडे टांगून ठेवता येते. आमच्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात सकाळी कापलेले मांस संध्याकाळपर्यंत राहत नाही. म्हणून इकडच्या लोकांनी दुसरे मार्ग काढले. कच्च्या पपईचा कीस लावला, दही लावले, सुरीच्या पाठीने ठेचून पसंदे केले, आणि जे कशानेही ऐकेना त्याचा खिमा करून तो सळईवर थापला. सीख कबाब म्हणजे दुसरे काही नव्हे. चिवट मांसाला हाताने मऊ करून विस्तवावर बसण्यालायक केलेले आहे. ज्याच्या वाट्याला मऊ तुकडा आला त्याला हे शोध लावण्याचे कारण नव्हते.

आता आपल्या गावाकडे वळू. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला कादराबाद, म्हणजे नवा जालना. १८०३ सालच्या सप्टेंबरात इंग्रजांच्या फौजा या मुलखात उतरल्या आणि २३ तारखेला आपल्या जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई केली. त्याची शिस्त आणि तोफा यांविषयी आपण शाळेत वाचतो. परंतु त्याच्या पत्रव्यवहारात ज्या गोष्टीचा घोर वारंवार दिसतो ती म्हणजे बैल. म्हैसूरकडचे चांगले, चपळ बैल मिळाले तर फौज चालते, नाही तर थांबते. बैल हा तोफेचा पाय होता. तोच बैल थकला, मोडला की ताटात जाई. जो आयुष्यभर राबला त्याचे मांस कसे असणार, हे आता सांगायला नको.

पुढे निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज उभी राहिली, तिला हैदराबाद कंटिंजंट हे नाव पडले. तिची छावणी जालन्याला १८२७ साली बांधली गेली आणि १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात विलीन होईपर्यंत टिकली. पाऊणशे वर्षे या गावच्या पूर्वेला इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले होते. असल्या बंगल्यांतील स्वयंपाक कसा चाले, हे जाणायला मद्रास फौजेतील केनी-हर्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याचे १८७८ साली निघालेले पुस्तक उपयोगी पडते. हिंदुस्थानातील इंग्रज घरांसाठी त्याने ते लिहिले. साहेब पुस्तकात वाचून सांगे, मडम ते बावर्चीला समजावी, आणि जाळीपाशी उभा राहून ते करी तो बावर्ची. पुस्तकावर नाव अधिकाऱ्याचे, घाम आपल्या माणसाचा. मऊ तुकडा मेजावर जाई. उरलेल्या मानेचे, नळीचे आणि पडद्याचे काय होई, त्याची पाककृती त्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही. ती छावणीच्या बाजारात, मोहल्ल्यांत आणि वाड्यावस्त्यांवर जन्मली.

निजामशाहीत भाजलेल्या मांसाची सर्वांत नामांकित गोष्ट म्हणजे हैदराबादचे पत्थर का गोश्त. काळ्या-करड्या दगडाची जाड फरशी निखाऱ्यांवर तापवायची आणि तिच्यावर मसाला लावलेले बकऱ्याचे पातळ तुकडे शेकायचे. शिकारीच्या मुक्कामावर सळया घरी विसरल्या म्हणून आचाऱ्याने दगड तापवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दगड तापवण्याची युक्ती सुचली ती आचाऱ्याला. नाव मात्र नबाबाच्या दस्तरखानाचे झाले.

दुसऱ्या टोकाला आपल्याच गावकुसाबाहेरचा निखारा आहे. जातीच्या उतरंडीने ज्यांच्यावर मेलेले जनावर ओढण्याचे काम लादले, त्यांच्या वाट्याला त्याचे मांस आले. ते एका दिवसात संपणारे नव्हते, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवीत. त्यांना चान्या म्हणतात. पावसाळ्यात घरात काही नसे तेव्हा चुलीतल्या निखाऱ्यावर चानी भाजून भाकरीबरोबर खात. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. तो प्रश्न चवीचा नव्हता, माणूस म्हणून उभे राहण्याचा होता, आणि लोकांनी ते ऐकले. पण ज्यांनी ते अन्न टिकवण्याची विद्या शोधली, त्या बायाबापड्यांची अक्कल कमी होती असे त्यावरून ठरत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील हे स्वयंपाकघर नोंदवून ठेवले. ते वाचताना मला मुंबईच्या हॉटेलातला वाढपी आठवला. त्याला 'कितपत भाजू' एवढेच माहीत होते. निखाऱ्यावर चानी किती वेळ धरली की कडक न होता फुलते, हे त्याला कुणी विचारले असते तर तोही गप्प बसला असता.

कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैसवर्गातील जनावर दाखला घेऊन कापता येते. बंदीने ज्यांचा धंदा बसला आणि ज्यांच्या ताटातले स्वस्त मांस गेले, ते दोघेही राबणारेच होते, हे नोंदवणे संघटक म्हणून माझे काम आहे. त्यावरचे मतभेद या व्यासपीठावर मिटणार नाहीत. घरच्या शेगडीपुरते बोलायचे तर आपल्याकडे बकरा, मेंढी आणि जेथे मिळेल तेथे म्हशीचे मांस आहे, आणि त्यावर उत्तम काम भागते.

आता उपयोगाचे. हे सारे मला ज्याने शिकवले तो आमचा तोच हात भाजलेला सहकारी. मिलमधून सुटल्यावर त्याने जुन्या जालन्यात सीख कबाबची गाडी लावली. वयाने तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला चाचा म्हणतो आणि तो मला भाऊ म्हणतो. विस्तवाशी त्याची ओळख आधीचीच होती. मिलमध्ये लोखंड अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापते, आणि रंगावरून ते रोलरखाली घालण्याजोगे झाले की नाही हे तो यंत्राच्या आधी सांगत असे. निखाऱ्याचीही त्याने तशीच परीक्षा बसवली आहे.

निवड करताना त्याचे पहिले सांगणे असे की, खाटकाशी ओळख ठेवा आणि सकाळी लवकर जा. कोवळ्या बोकडाचे मांस फिकट लालसर, हाडे बारीक, चरबी पांढरी व घट्ट. पृष्ठभाग कोरडा असावा. पाणी सुटलेले, चिकट किंवा वास येणारे घेऊ नये. म्हशीचे मांस अधिक गडद आणि जाड धाग्याचे असते. कोवळ्या जनावराच्या कण्याखालचाच भाग भाजायला घ्यावा. बकऱ्याच्या पाठीच्या चापा किंवा रानेचे आडवे काप दीड बोट जाडीचे करून घ्यावेत. त्याहून पातळ केले तर बाहेर रंग येईपर्यंत आतले वाळून जाते. शीतपेटी असेल तर तुकडा एक दिवस तीत उघडा ठेवावा. धागा सैल होतो आणि वरचा ओलावा उडतो. रानेच्या कापांना अर्ध्या किलोला एक चमचा कच्च्या पपईचा कीस तासभर पुरे. रात्रभर ठेवला तर लगदा होतो. मीठ एक तर तासभर आधी लावावे, नाही तर विस्तवावर ठेवतानाच. मध्येच लावले तर सुटलेले पाणी वरच राहते आणि भाजण्याऐवजी मांस उकडते.

विस्तवाला बाभळीचा कोळसा चांगला. शेगडी अंगणात किंवा गच्चीवर मांडावी. बंद खोलीत कोळसा पेटवू नये; त्याचा वायू वास न देता माणूस मारतो. ज्वाळा असेपर्यंत मांस ठेवू नये. माझी घाई पाहून चाचा म्हणतो, "जल्दी नक्को करो भाऊ, आग कू सफेद होने देव." निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की ते तयार. एका बाजूला निखारे दाट, एका बाजूला विरळ ठेवावेत. दाट बाजूवर वीतभर उंच तळहात धरून दोन-तीन आकडे मोजण्याआधी तो मागे घ्यावासा वाटला, तर आच बरोबर. तेथे दोन्ही अंगांना रंग आणावा, मग विरळ बाजूला सरकवून आत शिजू द्यावे. वारंवार उलटले तरी बिघडत नाही.

बाहेरून करपवले की रस आत कोंडला जातो, असा एक समज आहे. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो शास्त्र म्हणून मांडला आणि तो जगभर पसरला. तो चुकीचा आहे. जाळीवर जो चर्र आवाज येतो तो बाहेर आलेल्या रसाचाच असतो. तपकिरी रंगाचा उपयोग चवीसाठी. त्या चवीमागची रासायनिक क्रिया मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली वर्णन केली.

आणि आता तो प्रश्न: कितपत भाजू? उत्तर असे की, अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, म्हणून आत गुलाबी ठेवणारे लोक वेडे नव्हेत. आतली उष्णता पंचावन्न अंशांच्या आसपास असते तेव्हा तुकडा गुलाबी व रसदार असतो, सत्तरीला पोहोचला की करडा आणि कोरडा. आपल्या बाजारातले मांस पाहता मी पासष्टच्या पुढे नेतो. खिमा मात्र आतबाहेर एक झालेला असतो, म्हणून सीख कबाब पूर्ण, एकाहत्तर अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे. अन्नाचा तापमापक आता थोड्या पैशात मिळतो. उतरवल्यावर पाच मिनिटे तुकडा स्वस्थ ठेवावा आणि मग धाग्याच्या आडवा कापावा. धागा आखूड झाला की दाताचे काम सुरीने केलेले असते. म्हणजे त्या रात्री मी 'पूर्ण' म्हणालो, ती एका खिमा खाणाऱ्या माणसाची रास्त सवय होती. हसण्याजोगे त्यात काही नव्हते. हे मला तेव्हा माहीत असते, तर मी वाढप्याला उलट दोन प्रश्न विचारले असते आणि दुसऱ्या सकाळी मालकाच्या माणसालाही.

पहिल्या शोधाचे सांगायचे राहिले. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात असे होते की, असा समझोता आयुक्तांकडे नोंदवला नसेल तर मालक पूर्ण रकमेच्या जबाबदारीतून सुटत नसे. आमचा समझोता नोंदवलेला नव्हता. मी ते कलम वाचनालयात बसून स्वतः वाचले, मुदतीच्या आत अर्ज केला, आणि तीन वर्षांनी उरलेली रक्कम आली. गाडी त्याच पैशातून आली. चाचाने मला त्या मुंबईच्या जेवणाविषयी कधी विचारलेले नाही. मी सांगितले तेव्हा तो डाव्या हाताने सळई फिरवीत राहिला आणि म्हणाला, "अंडरकट में मजा नहीं भाऊ, गर्दन का खा के देखो."

त्याच्या सळया आमच्या मिलच्या भंगारातल्या आहेत. गिऱ्हाईक आटोपल्यावर रात्री उशिरा तो शेवटची सीख स्वतःसाठी लावतो, आणि कुणी तिथे उभे असेल तर तिचे दोन भाग करतो. या मालेच्या निमित्ताने आपल्यापैकी कुणी त्या बाजूला आले, तर दर विचारण्याआधी त्याला मांसाविषयी विचारा. त्याला सांगायला आवडते.